रानवनस्पतींची ओळख आणि जाणकारांचे साहाय्य

मृगाचा पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले की शाळेच्या कुंपणाशी, गावठाणाच्या उकिरड्यावर, शेताच्या बांधांवर हिरवे कोंभ वर येऊ लागतात, आणि शाळेत येणाऱ्या एखाद्या तरी मुलाच्या हातात दप्तराबरोबर एखादी डहाळी असतेच. "गुरुजी, हे कशाचे झाड?" किंवा "बाई, ही भाजी खातात का?" असा प्रश्न येतो. या प्रश्नाला बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक, "तण आहे, टाकून दे" आणि दुसरे, मनास येईल ते नाव. पहिल्या उत्तराने मुलाचे कुतूहल मरते. दुसऱ्याने मुलाच्या मनात एक चुकीची गोष्ट कायमची जाऊन बसते, आणि वनस्पतींच्या बाबतीत अशी चूक नेहमीच निरुपद्रवी असते असे नाही. "पाहू या, विचारू या" हे तिसरे उत्तर सर्वांत प्रामाणिक होय. मात्र कसे पाहावयाचे व कोणाला विचारावयाचे, हे शिक्षकास ठाऊक असले पाहिजे.

नाव सांगता आले म्हणजे वनस्पती ओळखली, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा, हे कुड्याच्या उदाहरणावरून ध्यानी येईल. सह्याद्रीच्या पायथ्याच्या बहुतेक गावांतून कुडा माहीत असतो. त्याची साल कडू असते व आमांशावर ती औषध म्हणून दिली जाते. परंतु कुडा म्हटली जाणारी झाडे एकाहून अधिक आहेत. पांढरा कुडा म्हणजे शास्त्रीय नावाने होलऱ्हेना प्युबेसन्स, आणि काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. दोघांची पाने समोरासमोर येतात, दोघांनाही दुधासारखा चीक असतो, दोघांची फुले पांढरी आणि दोघांच्याही शेंगा लांब, बारीक व जोडीने लोंबणाऱ्या. औषधी साल आहे ती पांढऱ्या कुड्याची. बाजारात मात्र काळ्याची साल तिच्यात मिसळलेली आढळते. वैद्यसुद्धा चकावेत इतके हे साम्य आहे. भेद पाहावयाचा तो असा. काळ्या कुड्याच्या जोडशेंगांची टोके पिकेपर्यंत एकमेकांस चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या शेंगा मोकळ्या असतात. काळ्याच्या फुलाच्या घशाशी झालरीसारखे कातरलेले खवले दिसतात, पांढऱ्याच्या फुलात ते नसतात. बियांची चव घेऊन भेद करणारे लोक एकीस कडू इंद्रजव व दुसरीस गोडे इंद्रजव म्हणतात. म्हणजे ज्या लोकांनी ही झाडे वर्षानुवर्षे हाताळली, त्यांना हा भेद ठाऊक होताच. 'कुडा' एवढ्या एकाच नावात तो बुजून गेला.

याच्या उलट प्रकार ब्राह्मीचा. ओलसर जागी पसरणारी, लांब देठाची, मूत्रपिंडाच्या आकाराची गोल पाने असलेली वनस्पती म्हणजे सेंटेला एशियाटिका. कोकणात तिला कारिवणा म्हणतात, वैद्यकग्रंथांत ती मंडूकपर्णी. आणि लहान, जाडसर, समोरासमोरच्या पानांची, पाण्याच्या कडेस वाढणारी दुसरी वनस्पती म्हणजे बाकोपा मोनिएरी. दोघींनाही निरनिराळ्या प्रांतांत ब्राह्मी हेच नाव आहे, आणि खरी ब्राह्मी कोणती यावर विद्वानांत पुष्कळ वाद झालेला आहे. वाद करणाऱ्यांपैकी कोणी खोटे बोलत नव्हते. प्रत्येकाच्या गावची ब्राह्मी तीच होती.

काही नावे तर थेट फसवी असतात. पिवळा धोतरा हे नाव ऐकणाऱ्यास वाटेल की ही धोतऱ्याचीच एक जात असावी. दोघांच्या फळांवर काटे असतात, तेवढ्यावरून हे नाव पडले असावे. परंतु फूल उमलले की नाते उघडे पडते. धोतऱ्याच्या पाकळ्या जुळून त्यांचा कर्णा झालेला असतो. पिवळ्या धोतऱ्याच्या पाकळ्या सुट्या असतात. शिवाय पान मोडताच पिवळाधमक चीक येतो, जो धोतऱ्यात कधीच येत नाही. धोतरा हा वांग्या-बटाट्याच्या कुलातील, तर पिवळा धोतरा, अर्थात आर्जेमोन मेक्सिकाना, हा अफूच्या कुलातील असून मूळचा अमेरिकेतला आहे. त्याचे काळे बारीक बी मोहरीसारखे दिसते. ते मोहरीत मिसळून तेल काढले गेल्यास खाणाऱ्यांच्या अंगावर सूज येते व हृदयास इजा होते. ऑगस्ट १९९८ मध्ये दिल्लीत अशाच भेसळीने पन्नासाहून अधिक माणसे दगावली. शाळेच्या मागच्या पडीक जागेत जे काटेरी झुडूप उगवते, त्याची ओळख मुलांना असणे किती अगत्याचे आहे, हे निराळे सांगावयास नको.

तर मग नावापूर्वी वनस्पती पाहावयाची. पाहण्याचा क्रम एकदा अंगवळणी पडला की तो मुलांनाही सहज साधतो. प्रथम सबंध झाड पाहावे: वेल, झुडूप, वृक्ष की जमिनीलगत पसरणारे, ते ओलात आहे की खडकावर, सावलीत की उन्हात. मग खोड: गोल की चौकोनी, पोकळ की भरीव, काटे आहेत काय, मोडल्यास चीक येतो काय आणि त्याचा रंग कोणता. मग पाने एकाआड एक येतात की समोरासमोर हे पाहावे. पान साधे की अनेक पर्णिकांचे, या ठिकाणी नवशिक्या हमखास चुकतो. कडुलिंबाची एक काडी म्हणजे एक फांदी नव्हे; ती सबंध काडी हेच एक पान होय. ओळखण्याची खूण अशी की, जेथे पान खोडास जुळते तेथे बगलेत डोळा, म्हणजे नवा कोंभ असतो. पर्णिकेच्या बगलेत तो नसतो. एवढी एक गोष्ट मुलांनी स्वतः चार झाडांवर पडताळून पाहिली, तरी एक तास सत्कारणी लागला असे समजावे.

फूल हा ओळखीचा सर्वांत भरवशाचा भाग होय. पाकळ्या किती, सुट्या की जुळलेल्या, पुंकेसर किती व ते कोठे चिकटलेले, मधला बीजकोश पाकळ्यांच्या वर की खाली, हे दाढीच्या पात्याने फूल उभे चिरून भिंगाखाली पाहता येते. पाते शिक्षकाच्या हाती असावे. भिंग साधे, दसपट मोठे दाखवणारे असले तरी पुरते.

या निरीक्षणातून वर्गीकरण आपोआप उगवते. निराळे शिकवावे लागत नाही. जास्वंद, भेंडी व कापूस यांची फुले एका ओळीत मांडून चिरली की तिन्हींत पुंकेसर जुळून एक नळी झालेली व तिच्यातून स्त्रीकेसर वर आलेला दिसतो. मग एखादा मुलगा बांधावरच्या चिकण्याचे इवलेसे पिवळे फूल आणतो, त्यातही तीच नळी सापडते, आणि एवढीशी चिकणा ही कापसाची नातेवाईक आहे हे त्यास कोणी न सांगता समजते. तुळशीची चौकोनी काडी बोटांत फिरवून पाहिलेल्या मुलास तुंबा व दीपमाळ यांची काडी तशीच लागते. त्यांची पानेही समोरासमोर, फुलेही दोन ओठांची. वाल, तूर, पळस, गुंज, खाजकुयली यांचे नाते शेंगेवरून कळते. कुल म्हणजे अशा नात्यातल्या वनस्पतींचे घराणे. घराण्यात वंश, वंशात जाती. शास्त्रीय नावात पहिला शब्द वंशाचा व दुसरा जातीचा असतो. माणसाच्या आडनावा-नावासारखीच ही रीत, एवढे सांगितले तरी सातवीच्या मुलास पुरे.

दोन शब्दांची ही नावे सरसकट रूढ झाली ती स्वीडनच्या कार्ल लिनियसच्या १७५३ सालच्या ग्रंथापासून. त्याने वर्ग पाडले ते पुंकेसर व स्त्रीकेसर यांची संख्या मोजून. मोजणे सोपे असल्यामुळे ही पद्धत लोकप्रिय झाली, पण तिने रुई आणि गाजर यांना एकाच गटात बसवले. रुईच्या चिकाचा अथवा गाजराच्या वासाचा तेथे विचारच नव्हता. पुढे अनेक लक्षणांचा एकत्र विचार करून कुले ठरवली गेली, आणि अलीकडे पेशींतील आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासाने त्यांतही फेरफार झाले आहेत. एकाच लक्षणावर भिस्त ठेवली की काय होते, याचे हे उदाहरण शिक्षकाने जरूर ध्यानात ठेवावे. कारण फुलाचा रंग पाहून नाव ठोकून देण्याचा मोह प्रत्येकास होतो.

इतके करूनही पुष्कळ वनस्पती ओळखू येत नाहीत. त्यात कमीपणा नाही. वनस्पतींची ओळख ही एकट्याने करावयाची गोष्ट कधीच नव्हती. जे मोठे ग्रंथ आज प्रमाण मानले जातात, ते अनेकांच्या साहाय्याने सिद्ध झालेले आहेत. त्यांपैकी एकाची हकीकत कोकणी व मराठी भाषकांस विशेष जवळची वाटावी अशी आहे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोचीन येथे हेंड्रिक व्हान रेडे हा डच अधिकारी मलबारचा कारभार पाहत होता. तेथील वनस्पतींची विपुलता पाहून त्याने त्यांचा सचित्र ग्रंथ करविण्याचे मनावर घेतले. तो स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. झाडे, त्यांची नावे व उपयोग जाणणारी माणसे त्याने जमवली. इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट हे तीन कोकणी वैद्य त्यांत प्रमुख होते. झाडे आणवली जात, चित्रकार त्यांची चित्रे काढीत, वैद्य माहिती सांगत, ती एका भाषेतून दुसरीत जात जात अखेर लॅटिनमध्ये उतरे. 'हॉर्तुस मलबारिकुस' नावाने हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे १२ खंडांत प्रसिद्ध झाला. पहिल्या खंडात त्या तीन वैद्यांचे निवेदन कोकणी भाषेत व नागरी लिपीत छापलेले आहे. नागरी अक्षरे छापल्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. चित्रांवर वनस्पतींची स्थानिक नावे दिली आहेत, त्यांतही नागरी अक्षरांतली कोकणी नावे आहेत.

लिनियस हिंदुस्थानात कधीही आला नाही. मलबारच्या कित्येक वनस्पतींना त्याने शास्त्रीय नावे दिली ती या ग्रंथातील चित्रे व वर्णने यांच्या आधारे. म्हणजे कोचीनच्या वैद्यांनी डोळ्यांनी पाहून सांगितलेली गोष्ट सुमारे पाऊणशे वर्षांनी स्वीडनमध्ये उपयोगी पडली. ती पडली, याचे कारण चित्र, वर्णन व स्थानिक नाव ही तिन्ही एकत्र जपली गेली. नुसती नावे लिहून ठेवली असती, तर ती वनस्पती कोणती हे कोणासही कळते ना. या ग्रंथातील वनस्पती पुन्हा प्रत्यक्ष शोधून त्यांची आजची नावे ठरविण्याचे काम केरळचे प्राध्यापक के. एस. मणिलाल यांनी अनेक वर्षे खपून केले. त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २००३ साली प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रातही हेच घडले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागशः प्रसिद्ध झाला. अजूनही अभ्यासक तो उघडतात. त्यात प्रत्येक वनस्पती कोठे सापडते हे सांगताना त्या गावापुढे, ती तेथून ज्याने आणली त्याचे नाव दिलेले असते, आणि तो नमुना ग्रंथकाराने स्वतः पाहिल्याची खूण म्हणून नावापुढे उद्गारचिन्ह. त्या नावांत साहेब आहेत, तसे कानिटकर आहेत, भिवाही आहे. जो डोंगर चढून फांदी घेऊन आला, त्याचे नाव ग्रंथात राहिले. शाळेच्या वहीत ज्या मुलाने किंवा ज्या आजीने वनस्पती दाखवली, तिचे नाव लिहिण्याची पद्धत यावरून घालून घ्यावी. मुलांना त्याचा केवढा अभिमान वाटतो, हे करून पाहिल्यावरच कळते.

आता गावात विचारावयाचे कोणास, हे पाहू. पहिले जाणकार गावातच असतात. गुराख्यास ठाऊक असते की कोणता पाला जनावर तोंडात धरत नाही. मोळी विकणाऱ्या बाईस लाकूड सालीवरून कळते. रानभाजी खुडणाऱ्या ठाकर, कातकरी किंवा महादेव कोळी समाजातील स्त्रियांचे ज्ञान तर इतके सूक्ष्म असते की, पान नसतानाही त्या वनस्पती ओळखतात. शेवळाचेच पाहा. पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येतो तो त्याचा फुलोरा. पान मागाहून येते, तोवर फुलोरा नाहीसा झालेला असतो. ज्याने केवळ श्रावणात पान पाहिले, त्यास ज्येष्ठातले शेवळ हे त्याच कंदाचे आहे हे सांगूनही पटत नाही. शेवळ घशाला खाजते, म्हणून ते काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवतात. हेही त्या बायांनाच ठाऊक. त्यांना शाळेत बोलावून मुलांपुढे बसवावे, आणि त्या बोलत असताना शिक्षकाने मुलांबरोबर खाली बसून लिहून घ्यावे. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. वैदू किंवा सुईण औषध सांगेल, ते तिची अनुमती असेल तरच लिहावे, आणि कोणतेही औषध मुलांवर करून पाहू नये. कोणतीही अनोळखी वनस्पती चाखून पाहण्याची सवय मुलांस कधीही लावू नये. कुड्याचे बी चाखून ओळखणाऱ्यांस आधीच ठाऊक असते की आपण काय चाखतो आहोत. कळलावीची गोष्ट घ्या. गौरीच्या दिवसांत लालपिवळ्या ज्वाळांसारखी तिची फुले कोणीही ओळखील. फूल नसतानाही पानाचे टोक वळून आधाराला विळखा घालते, ही खूण आहेच. पण वेल वाळून गेल्यावर जमिनीत उरतो तो कंद. त्यात इतके जहाल विष असते की इतर कंदमुळांत तो चुकून शिजला गेल्यास प्राणावर बेतते.

दुसरे जाणकार तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी भेटतात. महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक, वनखात्यातील अनुभवी कर्मचारी, आणि केवळ हौसेने डोंगर हिंडणारे लोक. या हौशी मंडळींस कमी लेखू नये. एखादा टपाल कचेरीतला कारकून किंवा औषधाचा दुकानदार गवतांच्या जाती अशा सांगतो की ऐकत राहावे. त्यांच्याही पलीकडे ज्या संस्थांतून वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रह आहेत, त्या येतात. भारतीय वनस्पति सर्वेक्षण या १८९० साली स्थापन झालेल्या संस्थेचे पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यास १९५५ पासून आहे, आणि मुंबईस सेंट झेवियर महाविद्यालयात ब्लॅटर यांच्या नावाचा संग्रह आहे. गावच्या जाणकाराने सांगितलेले नाव व संग्रहातील नमुना यांची गाठ घालून देणारा मधला दुवा शिक्षकच होऊ शकतो. दोन्ही बाजूंशी बोलण्याची सवय खेड्यात बहुधा त्यालाच असते.

जाणकारास विचारताना मात्र "पिवळे फूल, लांबट पान, कोणते झाड?" असा प्रश्न पाठवून काही लाभ नाही. आज बहुतेक ठिकाणी भ्रमणध्वनीवरून छायाचित्र क्षणात पाठवता येते, ही मोठीच सोय झाली आहे. परंतु लोक फुलाचे तेवढे सुंदर चित्र पाठवतात आणि पाहणारा हात चोळीत बसतो. सबंध झाड, पानांची मांडणी, पानाची मागची बाजू, फूल समोरून व बाजूने, फळ, अशी पाच-सहा चित्रे हवीत, आणि एखाद्या चित्रात मोजपट्टी ठेवलेली असावी. वास, चीक व खरखरीतपणा चित्रात उतरत नाहीत. ते लिहून कळवावे लागतात. छायाचित्रावरून यंत्राने सुचवलेले नाव ही फार तर तपासाची सुरुवात होय. चिरलेल्या फुलाशी ते ताडून पाहावे.

खात्रीचा मार्ग आजही वाळवलेल्या नमुन्याचाच आहे. पाने, फुले व जमल्यास फळ असलेली वीतभर-दीडवीत लांब डहाळी घ्यावी. लहान रोप असल्यास मुळासकट. जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत ती नीट पसरावी, एखादे पान उलटे ठेवावे म्हणजे मागची बाजूही दिसेल, आणि वर फळी व दगड ठेवून दाबावी. पावसाळ्यात कागद रोज बदलला नाही तर तिसऱ्या दिवशी बुरशी येते. इथेच बहुतेकांचा उत्साह संपतो. कागद बदलण्याचे काम पाळीपाळीने मुलांकडे सोपवावे. वाळलेला नमुना सुमारे ४२ सेंटिमीटर लांब व २८ सेंटिमीटर रुंद जाड कागदावर शिवावा किंवा चिकटवावा. एकाच झाडाचे दोन नमुने करून दोहोंवर एकच क्रमांक घालावा. एक शाळेत राहतो, दुसरा जाणकाराकडे जातो. उत्तर आले की क्रमांकावरून शाळेतल्या नमुन्यावर नाव चढवता येते. क्रमांकाच्या चिठ्ठीवर तारीख, गाव व शिवाराचे नाव, झाडाची उंची, फुलाचा ताजा रंग, चीक व वास, गावातले नाव आणि ते सांगणाऱ्याचे नाव लिहावे. वाळल्यावर रंग उडतो, म्हणून तो तेथल्या तेथे टिपणे अवश्य आहे. जी वनस्पती शिवारात एक-दोनच दिसते, ती कधीही उपटू नये. तिचे चित्र पुरे. देवराईतून गावकऱ्यांस विचारल्यावाचून व राखीव जंगलातून परवानगीवाचून पानही घेऊ नये.

अशा टिपणाचे मोल पुढे कळते. १९५५ च्या सुमारास पुण्यात पडीक जागी एक अनोळखी तण दिसू लागले. पाने गाजरासारखी कातरलेली आणि पांढऱ्या फुलांचे बारीक गुच्छ. आर. एस. राव यांनी ते पार्थेनियम म्हणून ओळखून १९५६ मध्ये मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात भारतातील नवी नोंद म्हणून प्रसिद्ध केले. हेच ते गाजर गवत. अमेरिकेतून आयात केलेल्या धान्याबरोबर ते आले असावे असे मानतात. ते गाजरही नव्हे व गवतही नव्हे. त्याचे एकेक पांढरे 'फूल' भिंगाखाली धरले तर ते अनेक बारीक फुलांचा गुच्छ असल्याचे दिसते, आणि त्याचे कुल सूर्यफुलाचे ठरते. पुढे ते देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने कित्येकांच्या अंगास खाज व पुरळ येतो. आपल्या गावात ते प्रथम कोणत्या साली, कोणत्या वाटेने शिरले, हे सांगू शकणारी शाळा मात्र क्वचितच सापडेल. उद्या आणखी एखादे परदेशी तण शिरेल, तेव्हा त्याचा दिनांक शाळेच्या वहीत असला पाहिजे.

जाणकाराकडून उत्तर येते ते पुष्कळदा नावाऐवजी प्रश्नाच्या रूपात. "देठाच्या बुडाशी लहान उपपर्णे होती काय? फळ पिकल्यावर कसे उकलते?" शिक्षकास यात अपमान वाटू नये. प्रश्न येणे म्हणजे नमुना खरोखर पाहिला गेला. असा एकेक प्रश्न वर्गात वाचून दाखवावा व मुलांना त्याच झाडाकडे पुन्हा पाठवावे. दोन जाणकारांची मते निराळी आल्यास दोन्ही नावे व दोन्ही कारणे लिहून ठेवावीत. कधी नावच बदलते. शिवनेरीच्या परिसरात सापडणारी, सह्याद्रीबाहेर न आढळणारी शिंदळ माकुडी डॅल्झेल यांनी एकोणिसाव्या शतकात फ्रेरिया इंडिका या नावाने, स्वतंत्र वंश कल्पून नोंदवली. पुढच्या अभ्यासकांनी तिला इतर वंशांत हलवले. टाकळा पूर्वी कॅसिया तोरा होता, आता सेन्ना तोरा. अशा वेळी जुने नाव खोडू नये. त्याखाली नवे लिहावे.

वहीसंबंधी एक सूचना. बदली झाली की गुरुजींबरोबर त्यांची ट्रंक जाते व ट्रंकेत वही. कारवीसारखी वनस्पती सात वर्षांनी एकदा फुलते, आणि तेवढ्या अवधीत एकाच शाळेवर राहण्याचा योग प्रत्येकास येत नाही. म्हणून ही वही शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत चढवावी, नमुने डांबराच्या गोळ्या घालून बंद कपाटात ठेवावेत आणि कार्यभार सोपवताना दोन्हींचा उल्लेख करावा. नवीन येणाऱ्या शिक्षकास मागच्याचे अक्षर लागले नाही, तर मुले सांगतात.

वहीतील सर्वच रकाने भरले पाहिजेत असा आग्रह तपासणीच्या भीतीने कोणी धरू नये. एखाद्या क्रमांकासमोर एवढेच असावे: "पाझर तलावाची दक्षिण बाजू, खडकाच्या फटीत. फूल जांभळट, भाद्रपदात. गुराखी 'रानतीळ' म्हणतो, आजी 'नाही' म्हणते. एक नमुना महाविद्यालयात पाठविला. नाव अनिश्चित, कार्तिकात फळ पाहावयाचे."